कागद स्वस्त पडला त्या दिवशी

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. मी एक जुना शिक्का आहे. लाकडाची मूठ, रबराचं तोंड आणि तोंडावर उलट्या अक्षरांत दोन शब्द: ‘चालू प्रत’. कागदावर उमटलो की ते सुलटे दिसतात. इतर वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की कशा छाती पुढे काढून सांगतात! मला ते जमायचं नाही. मला माझ्या कहाणीची लाज वाटते आणि तरीही ती सांगायची आहे.

जिन्याखालच्या एका चिंचोळ्या दुकानात माझा जन्म झाला. दुकानदाराचा चष्मा कायम कपाळावर असायचा आणि तो दिवसभर तोच चष्मा शोधत असायचा. त्याने गरम साच्यात रबर दाबलं, कडा पात्याने कापल्या, मला मुठीला चिकटवलं आणि पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिला. “बोलतोय की!” तो खूश होऊन म्हणाला. फळीवर माझ्या शेजारी ‘तातडीचे’ नावाचा शिक्का होता. तो बिचारा कितीतरी महिने तिथेच धूळ खात पडला होता. मला मात्र आठवड्याच्या आत आइस्क्रीमच्या कारखान्यातून बोलावणं आलं.

हो, आइस्क्रीमच्या! तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. पण माझ्या वाट्याला आला तो फक्त बोळातून येणारा व्हॅनिलाचा वास. कारखान्याच्या जिन्याच्या वळणावर कागदांची खोली होती. पत्र्याचं एक कपाट, काच घातलेलं टेबल, कागद फाडायचं यंत्र आणि दुधाचे टँकर उभे राहायच्या अंगणाकडे उघडणारी खिडकी. तिथे वहिनी बसत.

त्यांचे यजमान पूर्वी याच कारखान्याच्या शीतगृहात होते. सगळे त्यांना दादा म्हणत. म्हणून या सगळ्या कारखान्याच्या वहिनी झाल्या. मोठे साहेब वयाने त्यांच्यापेक्षा बरेच थोर, तेसुद्धा वहिनीच म्हणत.

आमचं काम काय, ते सांगतो. कारखान्यात प्रत्येक कामाचा एक सूचनेचा कागद भिंतीवर लावलेला असतो. साखर किती घालायची, दूध किती वेळ ढवळायचं, टाकी कशी धुवायची, सगळं त्यावर लिहिलेलं. यातलं काही बदललं की नवा कागद निघतो. वहिनी त्यावर मला लाल शाईत बुडवून दाबत. मग तो कागद घेऊन स्वतः जात, नवा लावत, जुना काढून आणत आणि यंत्रात घालून त्याच्या चिंध्या करत. जुना हातात आल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा त्यांचा नेम.

लाल शाईच का? तर कुणी आळस करून परस्पर झेरॉक्स काढली की माझा ठसा काळा येतो. वहिनी दारातूनच ओळखत. “हा काळतोंड्या कुठून आला रे?” असं म्हणून तो कागद तिथल्या तिथे काढून घेत. कामगारांनाही एक सवय लागली होती. नवं काम हातात घेण्यापूर्वी ते विचारत, “वहिनी, ताजाच आहे ना हा?” वहिनी कागदावरच्या तारखेवर बोट टेकवत. तेवढं झालं की माणूस कामाला लागायचा.

ऑडिटवाले येत, भिंती धुंडाळत आणि रिकाम्या हाती परत जात. एकदा त्यांच्यातल्या एकाने मला उचलून सगळ्यांना दाखवलं. “हा लाल शिक्का असला की आम्ही निर्धास्त,” तो म्हणाला. मी इतका फुगलो की विचारू नका. मला वाटलं, लोकांचा विश्वास माझ्यावर आहे. वहिनींच्या पायांकडे माझं लक्षच गेलं नाही.

मग एके दिवशी मोठे साहेब कुठल्याशा प्रदर्शनाहून परतले ते बगलेत एक टॅब घेऊनच. “आता कागद बंद! एका जागी बदल केला की सगळ्या कारखान्यात आपोआप दिसतो,” ते म्हणाले. पण साहेब हिशेबी माणूस. कागद महाग की टॅब महाग, याचा नीट ताळा केल्याशिवाय ते खिशात हात घालणार नव्हते. त्यासाठी त्यांनी बाहेरून एक मॅडम बोलावल्या.

मॅडम वाईट नव्हत्या. उलट चांगल्याच होत्या. त्या वहिनींशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि कागदाचा एकेक खर्च विचारून घेतला. कागद, शाई, छपाई, कपाटाने अडवलेली जागा, फाडायच्या यंत्राची वीज, आणि वहिनी फेऱ्या मारतात तो वेळ.

“अगं बाई, माझे पायसुद्धा धरलेत का यात?” वहिनींनी विचारलं.

“पाय नाही वहिनी, वेळ. पगार वेळेचाच असतो ना?”

टॅबच्या बाजूलाही त्यांनी काही लपवलं नाही. टॅबची किंमत, कंपनीला दरवर्षी द्यायची फी, लोकांना शिकवायचा वेळ, फुटलेल्या काचा, चार्जर आणि वीज गेल्यावरचा खोळंबा. मग ठरलं असं की तीन महिने पॅकिंग आणि शीतगृह टॅबवर चालवायचं, मिश्रणघर आणि धुलाईघर कागदावर. जे स्वस्त पडेल ते कायम राहील.

टॅब जिंकले तर आमची खोली बंद होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्या संध्याकाळी वहिनी मला डबीत ठेवताना स्वतःशीच म्हणाल्या, “मला पुन्हा पॅकिंगच्या पट्ट्यावर उभं करतील. आठ तास उभं राहायला गुडघे कुठून आणू?”

सुरुवातीला टॅबची चांगलीच फजिती झाली. शीतगृहात गारठून ते मान टाकत. हातमोज्यांची बोटं त्यांना कळत नसत. एक तर क्रीमच्या बादलीत पडला आणि निघाला तेव्हा चाटायच्या लायकीचा झाला होता. मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो. पण हळूहळू पॅकिंगच्या बायकांचा हात बसला. तिथे दोघी जावा होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. धाकटी पटकन शिकली. सकाळी टॅब उघडायचा आणि समोर दिसेल तसं करायचं. ताजं आहे का हे विचारायची गरजच नव्हती, कारण समोर असायचं ते ताजंच असायचं.

इकडे धुलाईघरात एक गृहस्थ होता. त्याला सगळे तुफान म्हणत, कारण इतका सावकाश माणूस कारखान्यात दुसरा नव्हता. चहा थंड झाला की त्याला कळायचं, चहा आलाय. पण मनाने सोनं. वहिनींवर त्याचा सख्ख्या भावजयीसारखा जीव. एका दुपारी तो मिश्रणघरातल्या दोघांना घेऊन खोलीत आला आणि दार लोटून घेतलं.

“वहिनी, एक सांगू का? मॅडम तुमच्या फेऱ्या मोजतायत.”

“मोजू देत की. त्यांचं कामच आहे ते.”

“मग फेऱ्या कमी करा ना! तुम्ही कशाला दर कागदाला धावताय? साठवून ठेवा आणि शनिवारी सगळे एकदम आणा. आम्हीपण काही मागायला येणार नाही. काय रे?”

बरोबरच्या दोघांनी माना डोलावल्या.

“आणि मधेच काही बदललं तर?” वहिनींनी विचारलं.

“चार-दोन दिवसांत कुठं आभाळ कोसळतंय! तुमची खोली तर वाचेल.”

वहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला उगाचच टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला सरकवलं. पण पुढच्या सोमवारी कागद आला तेव्हा त्या उठल्या नाहीत. माझा ठसा मारून त्यांनी तो टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला.

मित्रांनो, त्या वेळी मला वाईट वाटलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं. जुने कागद भिंतीवर आणि नवे ट्रेमध्ये, दोन्हींवर माझाच लाल ठसा. ‘चालू प्रत’ म्हणून भिंतीवर मिरवणारा मी आता चालू नव्हतो, हे मला ठाऊक होतं. पण मॅडम आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, या महिन्यात कागदाचा खर्च चांगलाच उतरलाय हं!” तेव्हा माझी कळी खुलली. वहिनी हसल्या, पण त्यांनी खिडकीबाहेर टँकरकडे पाहिलं.

तिसरा महिना संपत आला. त्याच आठवड्यात धुलाईघराचा नवा कागद आला. टाक्या धुवायची पावडर बंद होऊन तिच्या जागी पातळ औषध येणार होतं. पावडर कढत पाण्यात कालवायची असे. नव्या औषधाला कढत पाणी अजिबात चालत नव्हतं, ते उसळून अंगावर येतं. आधी बादलीत थंड पाणी घ्यायचं, मग त्यात औषध अगदी हळूहळू सोडायचं आणि हातात कोपरापर्यंत मोजे घालायचे. औषध पुढच्या महिन्यात येणार, असं कागदासोबत सांगितलं होतं. वहिनींनी ठसा मारला. मी छान, सरळ, ठळक उमटलो. कागद ट्रेमध्ये गेला, शनिवारची वाट बघत.

औषधाची पिंपं मात्र लवकर आली. शुक्रवारी सकाळीच ती धुलाईघराच्या दाराशी उतरवली गेली आणि याची खबर आमच्या खोलीपर्यंत पोचली नाही.

त्याच शुक्रवारी निकालाची बैठक होती. कागदाच्या बाजूने बोलायला तुफानला बोलावलं होतं. त्याच्या जागी टाकी धुवायला पॅकिंगमधून धाकटीला पाठवलं. ती यापूर्वीही एकदोनदा अशी बदलीवर गेली होती. वहिनींनी साहेबांना दाखवायला मला बरोबर घेतलं.

मॅडमनी भिंतीवर खर्चाच्या आलेखातले दोन खांब दाखवले, एक टॅबचा आणि एक कागदाचा. कागदाचा खांब ठेंगणा होता. “खरं सांगते, मलाही वाटलं नव्हतं, पण कागद स्वस्त पडला,” त्या म्हणाल्या. तुफानने टाळी वाजवली, इतरांनीही वाजवली. साहेबांनी मला वहिनींच्या हातून घेऊन उंच धरलं. “हा एवढासा गडी आपल्याला परवडला म्हणायचा!” सगळे हसले. वहिनींचे डोळे भरून आले. मी साहेबांच्या हातात होतो आणि मला आकाश ठेंगणं झालं होतं.

तेवढ्यात खालून किंकाळी आली.

साहेबांनी मला टेबलावर टाकलं. वहिनींनी मला सवयीने उचललं, अंगातल्या कारखान्याच्या कोटाच्या खिशात कोंबलं आणि त्या धावत सुटल्या. गुडघ्यांचं त्यांना भान नव्हतं. धुलाईघरात तुफान त्यांच्या आधी पोचला होता. तोच तुफान, जो कधी घाई करत नसे. धाकटीचा हात आणि मान त्याने धो धो वाहणाऱ्या नळाखाली धरली होती. जमिनीवर बादली उलटली होती, तिच्यातून अजून वाफा येत होत्या. समोर भिंतीवर जुना कागद होता. कढत पाण्यात धुवायचं औषध घाला, एवढंच त्यावर लिहिलं होतं, पावडरीचं नावही नव्हतं. आणि खाली कोपऱ्यात मी होतो, लाल, ठळक, ‘चालू प्रत’.

वहिनी तो कागद बघत राहिल्या. मग त्यांनी खिशात हात घालून मला इतकं घट्ट दाबलं की माझी मूठ करकरली.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत कुणाला आत सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे वाचले, हात बरा होईल, पण डाग राहतील आणि बोटं पूर्ववत व्हायला वेळ लागेल. वहिनी आत गेल्या तेव्हा थोरली उशाशी बसली होती. धाकटीचा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला होता. वहिनींना पाहून तीच आधी बोलली.

“वहिनी, माझं काही चुकलं का हो? मी नीट वाचलं होतं. तुमचा लाल शिक्का बघितला, आणि मगच बादली उचलली.”

त्या खिशात मी होतो, मित्रांनो. मला शाईची डबीसुद्धा नको वाटली. कुणी मला त्या फाडायच्या यंत्रात टाकलं असतं तर बरं झालं असतं.

“तुझं काही चुकलं नाही, बाळ,” वहिनी म्हणाल्या. “तू बरोबरच केलंस. नवा कागद माझ्या टेबलावर होता. मी आणला नाही.”

थोरलीने एकदम मान वर केली. “का नाही आणलात?”

थोरलीने पुन्हा विचारलं नाही, पण आणलेला चहाही त्यांना दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम खोलीत आल्या. ट्रेमधला कागद त्यांनी उचलला, वाचला आणि त्या स्टुलावर बसल्या.

“हा कधी आला होता, वहिनी?”

“सोमवारी. आज नेणार होते.”

“का थांबलात?”

“तुमच्या हिशेबात कागद स्वस्त दिसावा म्हणून.”

दाराशी उभा असलेला तुफान आत आला. “त्यांना काही बोलू नका. ही अक्कल माझी होती,” तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

मॅडमनी कागद पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, “खर्च उतरला तेव्हा तो का उतरला, हे मी विचारायला हवं होतं. मला आकडा सुंदर वाटला.” त्यांनी तिथेच बसून हिशेब पुन्हा मांडला. न मारलेल्या सगळ्या फेऱ्या त्यात धरल्या. मग कागदाचा खांब टॅबच्या खांबाएवढाच झाला, नखभर कमी-जास्त. स्वस्त पडला होता तो न पोचवलेला कागद.

“यात धाकटीचा हात कुठे धरू?” त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी हिशेब बाजूला सारला.

टॅब सगळीकडे लागले. कागदांची खोली बंद झाली. साहेबांनी वहिनींना काढून टाकलं नाही, पॅकिंगच्या पट्ट्यावरही पाठवलं नाही. वरच्या मजल्यावर एका संगणकापुढे बसवलं, टॅबवर नव्या सूचना चढवायला. कपाळाला हात लावून वहिनी म्हणाल्या, “शिक्षा केली असती तर बरं वाटलं असतं.” मला समजलं त्यांना काय म्हणायचं होतं.

जुने सगळे कागद गोळा करायचं काम वहिनींनी मागून घेतलं. मला खिशात टाकून त्या कारखानाभर फिरल्या. एकेक कागद भिंतीवरून काढत, माझा ठसा बघत आणि त्याचे तुकडे करत. आम्ही धुलाईघराशी पोचलो, त्या सकाळी धाकटी पहिल्यांदाच कामावर आली होती. लांब बाह्यांचा कोट घातलेला, हातात मोजे. तिने स्वतःहून धुलाईघरच मागितलं होतं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

भिंतीवर टॅब होता. त्यावर मोठ्या अक्षरांत सूचना होती. बादलीत थंड पाणी होतं. धाकटीने सूचना वाचली. पुन्हा वाचली. पण औषधाला हात लावला नाही.

“अगं कर की. यात आपोआप ताजंच येतं,” तुफान हळूच म्हणाला.

“तेव्हाही ताजंच लिहिलं होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

मग तिला दाराशी वहिनी दिसल्या. “वहिनी, तुम्ही सांगा. मग करते.”

वहिनी पुढे झाल्या. टॅबवरच्या तारखेवर त्यांनी बोट टेकवलं. “आजचं आहे. सकाळी मीच चढवलंय. आधी थंड पाणी, ते तू घेतलंस. आता औषध. हळू.”

“जाऊ नका हं.”

“नाही जात.”

टाकी धुऊन होईपर्यंत वहिनी तिथे उभ्या होत्या.

आता मी वहिनींच्या नव्या टेबलाच्या खणात असतो. माझी शाई वाळली आहे. पुष्कळांनी त्यांना सांगितलं, फेकून द्या तो शिक्का. त्या फेकत नाहीत. कधीकधी खण उघडतात, माझ्याकडे बघतात आणि खण लावतात. आम्ही दोघं एकमेकांची नजर चुकवतो.

मित्रांनो, आपल्या कहाणीच्या शेवटी वस्तू म्हणतात, आमची काळजी घ्या. माझी जीभ तसं म्हणायला रेटत नाही. माझी नका घेऊ. कागद वापरा नाहीतर टॅब वापरा, स्वस्त घ्या नाहीतर महाग घ्या. पण तुमच्या शब्दावर विसंबून पलीकडे कुणी हात पुढे करणार आहे, त्याची काळजी घ्या. शब्द बदलला की उठा, जा आणि त्याला सांगून या. कितीही वेळ लागो, कुणी मोजो वा न मोजो.

टॅब आता कधी चुकत नाहीत. तरी वहिनी रोज सकाळी जिना उतरून धुलाईघरात जातात. ही फेरी कुणी त्यांना सांगितलेली नाही आणि कुठल्या हिशेबात ती धरलेली नाही. आत्ताच त्या गेल्या आहेत. खाली धाकटी बादलीपाशी थांबली असेल.